कॉइलची शेगडी आणि आईचा वैल

२०१६ च्या जानेवारीत लग्न होऊन मी ओहायोतल्या कोलंबसला आले. बॅगेत पाच लिटरचा कुकर, लोखंडी तवा, गोल बुडाची कढई, फोडणीचं कढलं असं सगळं साड्या-स्वेटरांत गुंडाळून आणलं होतं, त्यामुळे अपार्टमेंटमध्ये शिरल्या शिरल्या आधी स्वयंपाकघर गाठलं. गॅस नव्हताच. ओट्याच्या मधोमध कपाटासारखं पांढरं धूड उभं, खाली ओव्हन, वर चार काळी वेटोळी, दोन मोठी दोन लहान, आणि मागच्या पाटीवर बटणं. इथे याला रेंज म्हणतात. नवरा दोन वर्षं एकटाच राहत होता, तो म्हणाला मी यावर अंडी, मॅगी आणि चहा एवढंच केलंय, पोळी-भाजीचं मला काही माहीत नाही.

आधी एक सांगून टाकते कारण तिकडच्या मैत्रिणी अजूनही विचारतात, हे इंडक्शन नव्हे. इंडक्शनमध्ये भांडंच तापतं आणि लोहचुंबक चिकटेल असंच भांडं लागतं. ही साधी कॉइल. स्टीलच्या नळीच्या आत तापणारी तार असते आणि तार नि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते, ती उष्णता बाहेर येऊ देते पण वीज येऊ देत नाही, म्हणून वर ॲल्युमिनियम ठेवा, तांबं ठेवा, स्टील ठेवा, सगळं चालतं. घरातल्या बाकी प्लगांना इथे १२० व्होल्ट असतात, रेंजला मात्र स्वतःची २४० व्होल्टची वेगळी लाइन असते. मोठी कॉइल दोन-अडीच हजार वॉटची, लहान सव्वा ते दीड हजारची. म्हणजे ताकद भरपूर आहे, ती कमी पडते म्हणून त्रास होतो असं अजिबात नाही.

पहिल्याच संध्याकाळी वरण-भात लावला. मोठ्या कॉइलवर कुकर, बटण हायवर. सुरुवातीला वाटलं काही होतच नाहीये, गॅसवर कसं आपण काडी लावली की जाळ दिसतो आणि जीव शांत होतो, इथे काळं वेटोळं हळूहळू लाल व्हायला लागलं आणि मग एकदम जोर आला. तीन शिट्ट्या झाल्या, मी बटण बंद केलं, आणि कुकर थांबेचना. चौथी शिट्टी, पाचवी. भाताची पेज झाली. तोवर बाजूच्या कॉइलवर कढल्यात तेल टाकलं होतं. कढलं बुडाला गोल, ते कॉइलवर डुगडुगत होतं म्हणून एका हाताने धरून ठेवलं. मोहरी तडतडली, मी सवयीने बटण कमी केलं, जिरं टाकलं ते काळं, हिंग टाकला तो करपला, हळद टाकली तर चॉकलेटी रंग, आणि धूर छताला लागून स्मोक अलार्म किंचाळायला लागला. बाहेर उणे तापमान, खिडकी उघडली तर बर्फाचा वारा आत, नवरा टॉवेल हलवत अलार्मखाली उभा. मला रडू आलं. लग्नानंतरचा पहिला स्वयंपाक आणि साधी फोडणी जमली नाही.

इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे पहाटेचे साडेपाच, आई उठलेलीच असते. कराडजवळच्या गावात तिचा जन्म गेला, लग्नानंतरही पहिली काही वर्षं चुलीवरच काढलेली. तिला व्हिडिओवर ती वेटोळी दाखवली. ती बराच वेळ बघत होती आणि मग म्हणाली, "अगं, तुला गॅसची सवय म्हणून असं होतंय. आजीच्या चुलीला काय बटण होतं? फोडणी झाली की कढई खाली उतरवायची. जाळ हलत नसतो, भांडं हलवायचं."

आणि मग विचारलं, "वैल कुठला करणार यातला?"

ज्यांनी चूल वापरलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीच्या चुलीला बाजूला जोडून दुसरं लहान तोंड केलेलं असतं, तो वैल. कुणी अवल म्हणतं, आमच्याकडे वैल. त्यात वेगळं लाकूड घालत नाहीत, मुख्य चुलीतली आच आतल्या भोकातून जेवढी जाईल तेवढीच. त्यावर आमटी गरम राहते, दूध सावकाश तापतं, भात मुरतो. चुलीवर ज्याला जोरात जाळ पाहिजे ते करायचं आणि उकळी आली की भांडं उचलून वैलावर. माझ्या आजीचे हात दिवसभर हेच करत असायचे, मी लहान होते, बघितलं होतं पण लक्षात कुठे ठेवलं होतं.

आईच्या त्या एका प्रश्नाने मला रस्ता सापडला. मागची डावीकडची लहान कॉइल मी वैल ठरवली. स्वयंपाकाला सुरुवात करायच्या आधी ती दोनवर लावून ठेवायची, दहापैकी दोन. पुढची मोठी कॉइल हायवर. कुकरला पहिली शिट्टी मोठ्या कॉइलवर येऊ द्यायची आणि ती आली की लगेच कुकर उचलून वैलावर. उचलायचा, ढकलायचा नाही, कारण कॉइल ओबडधोबड असते, भांडं अडकतं आणि आतलं सांडतं. वैलावर डाळीला दहा-बारा मिनिटं, भात वेगळा असेल तर पाचच. शिट्ट्या मोजणं मी तेव्हापासून सोडूनच दिलं, घड्याळ बघते. आणि मोठी कॉइल लाल असतानाच तिच्यावर भाजीची कढई चढते, म्हणजे तापलेली कॉइल वाया जात नाही.

फोडणीचं म्हणाल तर आता माझा क्रम असा आहे. सपाट बुडाचं लहान स्टीलचं पातेलं घेते, कढलं बॅगेतून आलं तसं फडताळात गेलं. तेल तापलं, मोहरी टाकली, पहिले चार दाणे उडाले की पातेलं कॉइलवरून उचलून ओट्यावरच्या लाकडी पाटावर. बाकीची मोहरी तेलाच्या स्वतःच्या गरमीने तडतडते. मग जिरं, मग कढीपत्ता, मग हिंग, आणि हळद सगळ्यात शेवटी. तिखट टाकायचं असेल तर तेल शांत झाल्यावर. हे सगळं आचेवरून उतरवल्यावर. आता खरं सांगते, माझी फोडणी गॅसवर व्हायची त्यापेक्षा चांगली होते, कारण गॅसवर मी घाई करायचे आणि हिंग नेहमी जरा जास्तच तळला जायचा.

मला बरेच महिने एक गोष्ट कळत नव्हती ती म्हणजे मीडियम. बटण पाचवर ठेवलं तरी कॉइल मध्येच लालभडक होते आणि मध्येच पूर्ण काळी पडते, मला वाटलं बिघडलीय, अपार्टमेंटच्या ऑफिसला तक्रार करायला निघाले होते. नवऱ्याने एका रविवारी बसून समजावलं. बटणाच्या मागे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते, ती तापली की वाकते आणि वीज तोडते, निवली की सरळ होऊन परत जोडते. म्हणजे पाचवर आच अर्धी होत नाही, कॉइलला वीज पूर्णच मिळते, फक्त काही वेळ मिळते आणि काही वेळ मिळत नाही. हे कळल्यावर माझ्या पोळ्यांचं कोडं सुटलं. पातळ नॉनस्टिक तव्यावर एक पोळी पांढरी आणि पुढची काळ्या डागांची का होत होती, तर एक पोळी कॉइल बंद असताना पडायची आणि दुसरी चालू असताना. जाड तवा हवा. जाड तवा मधला चढ-उतार स्वतःत जिरवून टाकतो आणि वर पोळीला एकसारखी आच देतो.

माझा घरून आणलेला लोखंडी तवा मध्ये खोलगट होता, गॅसवर तो छानच, पण कॉइलवर फक्त मधला रुपयाएवढा भाग टेकायचा आणि कडा थंड. गॅसचा जाळ भांड्याला चहूबाजूंनी चाटतो, कॉइल जिथे टेकते तिथेच देते, सगळा फरक यातच आहे. शेवटी इथलं बिडाचं जाड स्किलेट घेतलं, दहा इंची, हाताला जड पण बूड एकदम सपाट. सात-आठ मिनिटं सहावर तापू द्यायचं, घाई करायची नाही, पाण्याचा थेंब नाचायला लागला की पहिली पोळी. कडेला काठ असल्यामुळे उलथणं जरा तिरकं धरावं लागतं, दोन दिवसांत सवय होते. चार पोळ्यांनंतर बटण पाचवर आणायचं कारण तोवर बिडात इतकी गरमी साठलेली असते की सहावर ठेवलं तर सातवी पोळी करपतेच. शेवटच्या दोन पोळ्या असतात तेव्हा कॉइल चक्क बंद. माझ्या शेवटच्या पोळ्या सगळ्यात मऊ होतात ते यामुळेच असं मला वाटतं.

भांड्याचं बूड सपाट आहे का हे बघायला मी मुलांची फूटपट्टी वापरते, बुडाला आडवी लावायची आणि उजेडाकडे धरायची, खालून फट दिसली की ते भांडं या शेगडीचं नाही. माझा कुकर एकदा कोरडा पडून बूड फुगलं, तेव्हापासून तो फिरायला लागला आणि डाळ शिजायला दीडपट वेळ, तो बदलावाच लागला. गोल बुडाच्या कढईचा नाद तर पहिल्याच महिन्यात सोडला. तळणाला सपाट बुडाची खोल कढई, इंडियन ग्रोसरीच्या दुकानात मिळते. तळताना मी कॉइलजवळून हलत नाही, कारण तेल जास्त तापलं तर गॅससारखं पटकन थांबवता येत नाही, बंद केल्यावरही दोन मिनिटं तापतच राहतं. झाकण हाताशी ठेवते. तेलाने पेट घेतला तर झाकण घालायचं आणि बटण बंद, पाणी चुकूनसुद्धा नाही. अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगींचं सगळ्यात मोठं कारण स्वयंपाक आहे, आणि त्यातही शेगडीवर काही ठेवून निघून जाणं, त्यामुळे याबाबतीत मी फार कडक आहे, फोन आला तरी आधी बटण बंद.

ज्या गोष्टी या शेगडीवर गॅसपेक्षा सरस होतात त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. थालीपीठ. थालीपिठाला सावकाश, खालून एकसारखी, दमदार आच लागते आणि ती बिडाचा तवा नि कॉइल मिळून जी देतात तशी मला गॅसवर कधी मिळाली नाही. चारवर ठेवायचं, मधल्या भोकात तेल सोडायचं, झाकण, आणि सहा मिनिटं विसरून जायचं. अडचण एवढीच की तवा लवकर निवत नाही आणि गरम तव्यावर दुसरं थालीपीठ थापता येत नाही, म्हणून मी ओल्या फडक्यावर थापून उचलून टाकते. नाहीतर दोन तवे आलटून पालटून. तूपही तसंच, बिनमिठाचं बटर जाड पातेल्यात वैलावर दोनवर, पाऊण तास लागतो पण बेरी जळत नाही. फक्त बेरी गुलाबी व्हायच्या आधीच उतरवायचं, कारण पुढचा रंग पातेल्याच्या गरमीने येतोच. पुरण, खीर, साबुदाण्याच्या खिचडीला शेवटची वाफ, पोह्यांना वाफ, हे सगळं मी बंद कॉइलवर करते. पोहे परतून झाले की बटण बंद, झाकण, पाच मिनिटं. खालून मरत जाणारी आच असते ना, तिच्यात पोहे जे फुलतात ते फार मऊ.

दुधाने मात्र मला खूप रडवलं. इथे गॅलनचा कॅन मिळतो, पावणेचार लिटरच्या आसपास, पाश्चराइज्ड असतं त्यामुळे तापवायची गरज नाही असं सगळे सांगतात, पण मला दही लावायला तापवावंच लागतं आणि साय पण हवी. गॅसवर दूध वर आलं की बटण फिरवलं की खाली बसतं. कॉइलवर ते बसत नाही, ते येतच राहतं. आणि उतू गेलेलं दूध कॉइलखालच्या ड्रिप पॅनमध्ये, म्हणजे त्या चकचकीत वाट्या असतात ना खाली, त्यांच्यात जाऊन जळतं आणि दोन दिवस घरात वास. कॉइल निवल्यावर ती ओढून प्लगसारखी काढता येते, खालची वाटी काढून रात्रभर खायच्या सोड्याच्या पाण्यात. आम्ही ती जागा सोडली तेव्हा वाट्या काळ्या झाल्यात म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले, बाजारात त्या फार महाग नसतात, आधी कळलं असतं तर मीच नव्या आणून बसवल्या असत्या. तुम्ही भाड्याच्या घरात असाल तर सोडायच्या आठवड्यात एवढं करा. दुधाचा उपाय परत वैलच. मोठ्या कॉइलवर कडेला बारीक फेस दिसेपर्यंत, मग उचलून वैलावर, तिथे सावकाश साय धरते.

भाकरी हा माझ्यासाठी जिव्हाळ्याचा विषय. आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी, आणि तव्यावरून काढून जाळावर फुगवल्याशिवाय ती भाकरीच नाही. कॉइलवर मी पापडाची जाळी ठेवायचे, लालबुंद कॉइलपासून जरा उंच राहील अशी पायांची जाळी, आणि त्यावर भाकरी टाकली की वीस-पंचवीस सेकंदांत टम्म. पापडही तसेच. वांगं मात्र सरळ कॉइलवर भाजायला जाऊ नका, मी एकदा भाजलं, त्याचा रस वेटोळ्यात गळून चिकटला आणि जळत राहिला. वांग्याला ओव्हनमधला ब्रॉयलर, वरची लाल सळई, ताटलीत ठेवून दर सात-आठ मिनिटांनी फिरवायचं. साल सुटतं, गर छान मऊ होतो. निखाऱ्यातल्या वांग्याचा वास येत नाही, हे खरंय, आणि मला त्याची आठवण दर वेळी येते.

२०१९ मध्ये घर बदललं आणि तिथे काचेची शेगडी निघाली. वरून एकदम सपाट काळी काच, खाली तापणाऱ्या पट्ट्या. मी खूश झाले होते, पुसायला सोपी म्हणून. ही काच साधी नसते, काच आणि सिरॅमिक यांच्या मधली असते, जर्मनीच्या शॉट कंपनीने सिरॅन नावाने ती १९७१ मध्ये आणली. गरम झाली तरी ती जवळजवळ फुगतच नाही, म्हणून मध्ये लालबुंद आणि चार बोटांवर हात लावण्यासारखी, असं असूनही तडकत नाही. आच सरळ वर जाते, बाजूला पसरत नाही. त्यामुळे भांडं रिंगणाएवढंच हवं आणि बूड कॉइलपेक्षाही जास्त सपाट हवं. आणि हायवर ठेवलं तरी खालची लाली मध्येच विझते, काच जास्त तापू नये म्हणून आत राखणदार बसवलेला असतो, तो वीज तोडतो, ते बिघडलेलं नसतं.

काचेने मला दोन धडे दिले. पहिला, तिचं गरम असणं कळत नाही. कॉइल निदान वेटोळ्यासारखी दिसते, काच म्हणजे ओट्याचाच भाग वाटते. बंद करून पाच मिनिटं झाली होती, मी पोळ्यांचा प्लास्टिकचा डबा तिथे टेकवला आणि खालून वितळून चिकटला. तो छोटा लाल दिवा असतो, हॉट सरफेसचा, काच हात लावण्याइतकी निवेपर्यंत तो जळत राहतो, त्याच्याकडे बघायची मला सवयच नव्हती. मुलगी तेव्हा वर्षाची, उभी राहायला शिकत होती. त्या दिवसानंतर घरात नियम झाला की दिवा दिसतोय तोवर काचेवर काहीही ठेवायचं नाही, रुमालसुद्धा नाही, आणि बटणांवर लहान मुलांसाठीची झाकणं लावली.

दुसरा धडा संक्रांतीला. तिळगुळाच्या वड्यांचा पाक करत होते, गुळाचा, तो कडेने सांडला आणि मी म्हटलं आधी वड्या थापू, पाक घट्ट होईल, मग पुसू. हीच चूक. साखर किंवा गूळ त्या गरम काचेवर वितळून चिकटतो आणि निवताना आकसतो तो काचेचा पापुद्रा घेऊनच निघतो. माझ्या काचेवर तिथे कायमचा खड्डा आहे, नखाला लागतो. पाक, पुरण, जॅम, काहीही गोड सांडलं तर बटण बंद करून काच गरम असतानाच, हाताला जाड मोजा घालून, ब्लेडच्या खरवडणीने तिरकं धरून काढायचं. बाकीचं सगळं, दूध, आमटी, तेल, निवल्यावर काढलं तरी चालतं. गोड नाही. हे मला कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं म्हणून इथे इतकं लांबवून लिहिलं.

जाळी मी काचेवर ठेवत नाही, ओरखडे पडतात. बिडाचा तवाही उचलूनच हलवायचा. मग भाकरीचं काय, तर जवळजवळ तीन वर्षं मी फडक्याने तव्यावरच दाबून फुगवत होते, दहातल्या चार फुगायच्या. २०२२ च्या उन्हाळ्यात आई आली तेव्हा ते सुटलं. तिला आल्या आल्या मी ओव्हनमध्ये वांगं कसं भाजते ते दाखवलं होतं. तिने वाकून ती वरची लाल सळई बघितली आणि म्हणाली, "म्हणजे जाळ वरून आहे की गं." दुसऱ्या दिवशी तव्यावरून भाकरी काढली आणि तशीच ब्रॉयलरखाली जाळीवर सरकवली. अर्धा-पाऊण मिनिट. फुगली, वरून बारीक तपकिरी ठिपके, अगदी चुलीच्या तोंडाशी टेकवून भाजलेल्या भाकरीसारखी. मी तिथेच फरशीवर बसून गरम भाकरी आणि ठेचा खाल्ला, ती करत होती आणि मी खात होते.

खर्चाचं लोक विचारतात. आमच्याकडे रोजचा स्वयंपाक धरला तर दीड-दोन युनिट वीज, तेव्हा युनिटला बारा-तेरा सेंटच्या आसपास पडायचे, म्हणजे दिवसाला पाव डॉलर. काही फार नाही. घरात गॅसच्या ज्योतीतून येणारा नायट्रोजन डायऑक्साइड नाही, हेही चांगलं. पण फोडणीचा धूर तो धूरच, आणि बऱ्याच अपार्टमेंटमध्ये वरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत घरातच सोडतो. ती जाळी महिन्याला काढून गरम साबणाच्या पाण्यात धुवा. माझा स्मोक अलार्म त्यानंतर फार क्वचित वाजला.

आई सहा आठवडे होती. पहिले दोन-तीन दिवस बटणं चुकायची, पुढचं लावायला जायची आणि मागचं लागायचं, म्हणून मी बटणांवर टिकल्या लावल्या, लाल पुढच्याला आणि हिरवी मागच्याला. चौथ्या दिवशी सकाळी उठून बघते तर चहा झालेला, पुढचं बंद, आणि चहाचं पातेलं झाकण घालून मागच्या डाव्या कोपऱ्यात. मी तिला तो कोपरा कधी दाखवला नव्हता. म्हटलं आई, तिथे का ठेवलंस, तर म्हणाली, "मागं, भिंतीकडं, पोराचा हात पोचत नाही तिथं. वैल तिथंच असतो."

मुलगी आता सहा वर्षांची आहे, मराठी बोलते पण निम्मे शब्द इंग्रजी. तिला बर्नर हा शब्द शाळेत कळला, घरात मात्र तो मागचा कोपरा तिच्यासाठी वैलच आहे. कालच मी फोनवर होते आणि तिने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, आई, वैलावरचं दूध बघ, साय आली.